माइक दिसतो तो सिनेमा

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या हाताखालून गेलेली काही माणसं आता आजी-आजोबा झालीत, पण बाजारात मागून तिचा आवाज आला की अजून त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. हे काम धरण्याआधी, ऐन तरुणपणी, तिने एका सिनेमात काम केलं होतं. एकाच सिनेमात, आणि तेही मुख्य. ‘सहाव्या मजल्यावरचा अंधार’ असं त्याचं नाव. नाताळवरचा सिनेमा, नाताळच्या आठवड्यात लागला आणि नवं वर्ष उजाडायच्या आत थिएटरातून उतरला.

गोष्ट अगदी साधी आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका मोठ्या इमारतीतले दिवे जातात. वीजदुरुस्तीवाली बाई, म्हणजे आमची आत्या, हत्यारांची पेटी घेऊन एकेक मजला चढत जाते. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी भेटतं. सहाव्या मजल्यावरचा म्हातारा मात्र दारच उघडत नाही. त्याला दिवे नको असतात. बायको गेल्यानंतरचा त्याचा तो पहिला नाताळ असतो. मग ती जिन्याच्या पायरीवर बसते आणि बंद दाराशी बोलत राहते. खूप वेळ. तेवढा वेळ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शेवटी दार उघडतं.

या प्रसंगात माइक दिसतो. लांब दांड्याच्या टोकाला लावलेला काळा, केसाळ माइक वरून चौकटीत उतरतो, दचकल्यासारखा वर जातो, परत उतरतो, आणि शेवटी तर आत्याच्या टोपीवर जवळजवळ टेकतो. तो दांडा धरून उभे होते काका. तेव्हा ते काका नव्हते, नुसते साउंडवाले होते. दिग्दर्शक काही केल्या ‘कट’ म्हणेनात आणि यांचे हात भरून आले. नुसते हातच भरून आले होते का, ते काकांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो प्रसंग पुन्हा घेतला, माइक न दिसता, स्वच्छ. पण दिग्दर्शकांनी सिनेमात पहिलाच ठेवला. पुढच्या वर्षी आत्याने आणि काकांनी लग्न केलं. त्यानंतर तिने सिनेमात काम केलं नाही. कोणी बोलावलं नाही, असं ती सरळ सांगते.

आधी माझे बाबा गेले, मग काका गेले, आणि आई नि आत्या एका घरात राहायला लागल्या. तरुणपणी या नणंद-भावजयीचं एक मिनिट पटलं नव्हतं. आजही पटत नाही, पण वाद घालायला दुसरं कोणी उरलेलं नाही. आत्याच्या सिनेमाबद्दल आईचं मत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. “वन्सं, त्या म्हाताऱ्याने दार जरा लवकर उघडलं असतं ना, तर तुमचा सिनेमा चालला असता.” आत्या यावर नुसती हसायची. काका असायचे तेव्हा तेही हसायचे आणि म्हणायचे, “वहिनी, माझे हातही वाचले असते.”

मी कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचं हसू हातात घेऊन घासत असते. त्यामुळे हसण्याचे सगळे प्रकार आपल्याला कळतात असा माझा समज होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला आत्याला एका माणसाचा फोन आला. त्याला आम्ही पुढे मफलर म्हणायला लागलो, कारण गळ्यात मफलर नसलेला तो आम्हाला कधी दिसला नाही. गावातल्या जुन्या छोट्या थिएटरात तो नाताळनिमित्त महोत्सव भरवणार होता. ‘शोधून पाहावेत असे नाताळचे सिनेमे’. जे कोणाला माहीत नाहीत, जे पडले, जे विसरले गेले, असे. “तुमचा सिनेमा आमचा मुकुटमणी आहे,” तो आत्याला म्हणाला. “तुम्ही स्वतः आलात तर आमचा मान वाढेल.”

फोन ठेवून आत्या स्वयंपाकघरात आली. “मुकुटमणी म्हणाला,” तिने आईला सांगितलं.

“त्याने नक्की कोणता सिनेमा पाहिलाय?” आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आत्याच्या कोटाचं सैल झालेलं बटण तिनेच घट्ट केलं, आणि केस कापायला तिला घेऊनही तीच गेली. आत्याने महोत्सवाचं पत्रक फ्रिजवर लावलं. एक सिनेमा दीपगृहाच्या राखणदाराचा होता, एक मोडकी खेळणी दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींचा, एक बर्फात अडकलेल्या बसचा. आत्याला सगळे बघायचे होते. “आपल्यासारखेच आहेत बिचारे,” ती म्हणाली. सिनेमांबद्दल ती असं बोलायची, जणू ते लांबचे नातेवाईक होते.

रविवारी दुपारचा खेळ होता. आम्ही तिघी वेळेआधीच पोचलो. दर्शनी भागात कागदी चांदण्या टांगल्या होत्या आणि दाराशी एक मुलगी टोपली घेऊन उभी होती. टोपलीत छोट्या पितळी घंटा. येणाऱ्या प्रत्येकाला ती एक देत होती. आत्याने आमच्यासाठीही घेतल्या.

“या कशाला?” आईने विचारलं.

“सिनेमा सुरू झाला की कळेल,” ती मुलगी म्हणाली आणि हसली.

थिएटर भरलेलं होतं, हे खरं. बाल्कनीतही माणसं होती. आत्या पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून बघत होती. मफलर मंचावर आला, विसरलेल्या कलाकृतींबद्दल चार शब्द बोलला आणि मग त्याने आत्याला उभं केलं. लोकांनी घंटा वाजवल्या. आत्यानेही आपली वाजवली. तिला वाटलं, टाळ्यांऐवजी ही पद्धत असेल. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही, आणि मफलरला मी माफ करत नाही त्याचं अर्धं कारण तो चेहरा आहे.

मग दोन माणसं येऊन पडद्याच्या कडेला टेबलाशी बसली. एक उंच, एक ठेंगणा. त्यांच्यासमोर माइक, छोटा दिवा आणि दुकानाच्या काउंटरवर असते तशी मोठी घंटा. मला वाटलं, मध्ये मध्ये माहिती सांगतील. दिवे मालवले, नावं सुरू झाली, आणि उंच म्हणाला, “मंडळी, नियम एकच. माइक दिसला की घंटा.” सगळं थिएटर हसलं.

सुरुवातीला आत्याही हसली. पहिल्या मजल्यावर साबणाच्या फेसाचा बर्फ खिडकीतून आत येतो तेव्हा ठेंगणा म्हणाला, “आज यांच्याकडे धुण्याचा वार दिसतोय,” आणि ते खरंच गमतीदार होतं. आत्याने मला कोपराने ढोसलं. “फेसच होता तो. डोळे चुरचुरायचे.” दुसऱ्या मजल्यावर त्यांनी तिच्या टोपीवरून विनोद केले. तिसऱ्यावर तिच्या चालण्यावरून. चौथ्या मजल्यावर एक आंधळी बाई तिला विचारते, “दिवे गेलेत होय? मला कोणी सांगितलंच नाही,” आणि दोघी हसतात. तो विनोद सिनेमाचाच होता आणि चांगला होता, पण तो कोणाला ऐकूच आला नाही, कारण उंच त्यावर आपला विनोद करत होता. आत्याने घंटा कोटाच्या खिशात टाकली. ती वाजू नये म्हणून वरून हात ठेवला.

मग सहावा मजला आला. आत्या, म्हणजे पडद्यावरची, पायरीवर बसली. माइक उतरला. थिएटरातल्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या आणि त्यांत ती टेबलावरची मोठी. माइक वर गेला, लोक ‘ओऽऽ’ म्हणाले. परत उतरला, परत घंटा. “या माइकला अभिनय करायचाय, याला कोणीतरी संवाद द्या,” उंच म्हणाला. ठेंगणा माइकच्या आवाजात बोलायला लागला: “बाई, जरा सरका ना, मलाही थंडी वाजतेय.” लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. पडद्यावर माझी आत्या रडत होती, तोंड हलत होतं, आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी शेजारी बघितलं. आत्या ताठ बसली होती, शिकाऊ माणसाच्या हातात गाडी असताना बसते तशी, समोर नजर लावून. ती पडद्याच्या वरच्या कडेकडे बघत होती. जिथून दांडा यायचा, तिथे.

पलीकडची खुर्ची रिकामी होती. आई उठून गेली होती.

आई शाळेत गणित शिकवायची. आयुष्यात तिने हात उगारला नाही आणि आवाज चढवला नाही, पण तिच्या वर्गात कागद सरकलेला ऐकू यायचा, असं तिचे विद्यार्थी सांगतात. ती बाजूच्या पायऱ्यांवरून मंचावर चढली आणि त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे धावले, पण वाटेतच मफलरने मला अडवलं.

“राहू द्या, राहू द्या, मजा येतेय,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही आम्हाला हे सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले.

“काय?”

“की तिला बोलावून तिच्यासमोर तिची टिंगल करणार आहात.”

“टिंगल नाही हो. लोक प्रेमाने हसतायत. तुम्हीच सांगा, नुसता सिनेमा दाखवला असता तर किती जण आले असते? बाल्कनी उघडावी लागली आज.”

“ती काय बोलतेय ते एकाला तरी ऐकू आलं का?”

“लोकांना सिनेमा आवडतोय.”

“लोकांना घंटा आवडतेय,” मी म्हणाले. पण बाल्कनी खरोखरच भरलेली होती. नुसता सिनेमा असता तर आम्ही तिघी, झाडूवाला आणि एखादा चुकून शिरलेला माणूस, एवढेच असतो. हे मलाही कळत होतं, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

मंचावर आईने मोठी घंटा उचलून काखेत धरली. उंचाला वाटलं असावं की हाही करमणुकीचा भाग होईल. तो माइकमध्ये म्हणाला, “आजी, तुमची काय फर्माईश?”

“मी आजी नाही,” आई म्हणाली. माइक जवळ असल्याने ते सगळीकडे ऐकू गेलं. “ती बघा माझी मुलगी, तिने अजून लग्न केलेलं नाही.” तिने बोट दाखवलं. सगळं थिएटर माझ्याकडे बघून हसलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

“हसून झालं की सांगा,” आई म्हणाली. “मी थांबते.”

आणि ती थांबली. हात घंटेवर, नजर शेवटच्या रांगेवर. लोक आणखी थोडे हसले, मग त्यांना ते हसणं लांबवता येईना. कोणीतरी खोकलं. मागे कोणीतरी सिनेमा थांबवला असावा, कारण पडद्यावर आत्याचा चेहरा तसाच अडकून राहिला, अर्धं तोंड उघडं आणि डोक्यावर तो माइक.

“हा दांडा ज्याने धरलाय,” आई म्हणाली, “तो माझ्या नणंदेचा नवरा. त्याला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. तुम्ही मघापासून त्याच्यावर घंटा वाजवताय. तुम्हाला माहीत नव्हतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आता माहीत झालं.”

एवढंच बोलून ती घंटेसकट खाली उतरली.

मफलर मंचाकडे निघाला. आता तो काहीतरी गोड बोलणार, हे त्याच्या चेहऱ्यावर मला लांबूनही दिसलं. पण त्याच्या आधी पहिल्या रांगेतून आवाज आला. तो आवाज आमच्या भागातल्या निम्म्या वाहनचालकांना ठाऊक आहे.

“मागे घ्या,” आत्या म्हणाली. उठून उभी राहिली नव्हती, वळलीही नव्हती. “जिन्यापासून. आवाज पूर्ण सोडा. ज्याला घंटा वाजवायची आहे त्याने बाहेर जाऊन वाजवावी, रस्ता मोकळा आहे.”

मफलर म्हणाला, “मॅडम, पुढच्या खेळाची वेळ होत—”

“मागे घ्या,” आत्या पुन्हा म्हणाली, आणि सिनेमा मागे गेला.

काही माणसं उठून गेली. “आम्ही हसायला आलो होतो,” असं एक बाई माझ्याजवळून जाताना म्हणाली, माझ्याकडेच तक्रार असल्यासारखी. उंच टेबल सोडून कुठेतरी गेला. ठेंगण्याने आपल्यासमोरचा दिवा विझवला, खाली उतरला आणि मधल्या वाटेत जमिनीवरच बसला.

मग तो प्रसंग चालला. मी तो घरी जुन्या कॅसेटवर अनेकदा पाहिला होता, पण मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच. ती त्या दाराला सांगते की मोजे भिजलेत, खाली उतरायचा कंटाळा आलाय, त्यामुळे तुमच्यासाठी बसलेय असं समजू नका. यावर लोक हसले. आत्याने मान किंचित हलवली. हे हसू तिचं स्वतःचं होतं, पहिल्यापासून तिथे ठेवलेलं. मग ती तिच्या आईबद्दल काहीतरी सांगते, ते अर्धवटच सोडते. आणि शेवटी म्हणते, “आजोबा, माझं काम तारेपर्यंतच असतं. बटण तुमच्या घरातलं आहे. ते दाबा नाहीतर दाबू नका.” यावेळी माइक तिच्या टोपीला टेकायला आला होता. मागे एकजण खुदकन हसला. मी रागाने मागे वळले, पण आत्या स्वतःच हसत होती.

“अगं, किती खाली आणला याने,” ती आईला म्हणाली.

“तरी मी म्हणत होते,” आई म्हणाली. दोघींचे डोळे पुसून होईपर्यंत दार उघडलं होतं.

इथे ही हकिकत संपली असती तर मी ती सांगायच्या भानगडीत पडले नसते.

दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मफलर मंचावर उडी मारून म्हणाला, “असे क्षण तुम्हाला फक्त आमच्याकडेच मिळतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कामावरच्या मुलीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात आई होती. ‘मी आजी नाही’, टणकन घंटा. ‘हसून झालं की सांगा’, टणकन घंटा. काकांबद्दल जे बोलली ते कापून टाकलं होतं. खाली हसून हसून लोळणाऱ्या लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. आणि शेवटी जाहिरात: लोकाग्रहास्तव रविवारी पुन्हा, संतप्त कुटुंबासह.

मी ते आईला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पण भाजीवाल्याने तिला “घंटावाल्या बाई” म्हणून हाक मारली, तेव्हा लपवण्यात अर्थ उरला नाही. तिने चष्मा लावून तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला.

“माझ्याबद्दल काय लावायचं ते लावा,” ती म्हणाली. “पण वन्संच्या यजमानांना कापलं. आधी त्यांच्यावर हसले आणि मग त्यांनाच कापलं.” एवढा वेळ तिचा आवाज शांत होता. “आणि मला कोणी बोलावलं नाही, तरी मी रविवारी येणार म्हणून परस्पर छापून मोकळे.”

आत्या म्हणाली, “जाऊ दे ना वहिनी.”

“तुम्ही जाऊ द्या. मी देणार नाही.”

दिग्दर्शक कधीच गेले होते, पण त्यांची मुलगी होती. ती जनावरांची डॉक्टर आहे. सिनेमा दाखवायची परवानगी तिनेच दिली असणार, म्हणून मी तिला फोन केला. तिच्या टेबलावर तेव्हा एक कुत्रा होता, तो मागून रडत होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला म्हणाले होते, तुमच्या वडिलांचा सन्मान करतोय.” मी तिला व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी ती कपड्यांवरच्या केसांसकट आमच्या घरी आली.

आत्याने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सेटवर फेसात खेळत होती. दोघी हात धरून बसल्या. मग ती म्हणाली, “बाबांना सगळे विचारायचे, माइक दिसतो तोच तुकडा का ठेवलात. ते म्हणायचे, दुसऱ्यात ती छान अभिनय करतेय. पहिल्यात करतच नाहीये.”

आत्याने हे कधीच ऐकलं नव्हतं. ती उठून पाणी आणायला गेली आणि आमच्या सगळ्यांसमोर पाण्याने भरलेला तांब्या असतानाही बराच वेळ आली नाही.

परवानगी काढून घेतली गेली. रविवारचा खेळ रद्द झाला. दिग्दर्शकांच्या मुलीने आणखी एक केलं: अख्खा सिनेमा इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिला. “ज्याला पाहायचाय त्याने पाहावा,” ती म्हणाली. “घंटा आपापली आणावी.”

तो कोणी पाहिला नाही. दिवसभरात पाच-दहा माणसं, त्यातली निम्मी आमच्या ओळखीची. मफलरचं म्हणणं खरं ठरत होतं आणि मी रोज रात्री जेवताना तो आकडा बघून चिडत होते.

मग नाताळच्या तोंडावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख आला. मथळा तोच, ‘शोधून पाहावेत असे नाताळचे सिनेमे’. लेखक मफलर. पहिलाच सिनेमा आमचा. मी तो लेख उभ्याउभ्या वाचला आणि हातातली कवळी खाली ठेवली, फेकायची भीती वाटली म्हणून.

त्याने लिहिलं होतं की या सिनेमात माइक दिसतो, त्याला दोष समजू नका. तो दांडा एका प्रेमात पडलेल्या माणसाच्या हातात आहे. दिग्दर्शकाने स्वच्छ तुकडा टाकून हा का ठेवला असावा, यावर त्याने सुंदर परिच्छेद लिहिला होता. दिग्दर्शकांच्या मुलीने सिनेमा का काढून घेतला हे तिने त्याला फोनवर खडसावून सांगितलं होतं, ते सगळं त्यात उतरलं होतं, आता त्याचा स्वतःचा शोध म्हणून. आणि शेवटी हे: ‘भरलेल्या थिएटरात मी प्रेक्षकांना विनंती केली की हा प्रसंग शांतपणे पाहा. घंटा खाली ठेवल्या गेल्या. तो अनुभव मी विसरणार नाही.’

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. पुरवणी बघणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण लेखात तुमच्या आत्यांची स्तुतीच आहे ना?”

“आहे.”

“काही खोटं बदनामीकारक?”

“विनंती त्याने केली नाही. माझ्या आईने केली. म्हणजे विनंती नव्हतीच ती.”

“स्तुतीचा खुलासा कसा छापायचा हो?” ते म्हणाले, अगदी मनापासून. बाहेर येऊन रस्त्यावर मला उत्तरं सुचली, चांगली चार-पाच, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

लेखामुळे लोक सिनेमा पाहायला लागले. हजारोंनी. आत्याला अनोळखी माणसांचे फोन आले. एका माणसाने सांगितलं की तोही यंदा दार उघडत नव्हता. गाडी शिकायला आलेल्या एका मुलीने सिग्नलला तिला ओळखलं आणि रडायला लागली; आत्याने तिला गाडी बाजूला घ्यायला लावली, रडू दिलं आणि मग रिव्हर्स शिकवला. आत्या खूश होती. तिला खूश बघून आम्ही दोघी आणखी चिडत होतो, कारण हे सगळं त्या माणसामुळे झालं होतं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही त्या लेखातले बाकीचे सिनेमे घरी शोधून शोधून पाहिले. दीपगृहाचा कंटाळवाणा निघेल असं वाटलं होतं, तर त्यातल्या राखणदाराने नाताळच्या सकाळी भरसमुद्रातल्या बोटीशी दिव्याने मारलेल्या गप्पा बघून आई जेवण विसरली. बसचा मध्ये जरा रेंगाळतो. खेळण्यांच्या दवाखान्यातल्या त्या दोन बहिणी एकमेकींशी अख्ख्या सिनेमात एकदाही धड बोलत नाहीत, आणि संपला तेव्हा आई नि आत्या सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. एकही सिनेमा वाईट नव्हता. त्या माणसाला खरंच कळतं. माझ्या रागाचं मूळ शोधायला गेलं तर ते बहुधा इथे सापडेल: ज्याला इतकं कळतं, त्याने लोकांच्या हातात घंटा दिल्या.

“त्याला फोन करून सांगायला हवं, चांगले होते म्हणून,” आत्या म्हणाली.

“खबरदार,” आई म्हणाली.

आत्याने केला. तो म्हणाला की पुढच्या वर्षी हा सिनेमा पुन्हा दाखवायची त्याची इच्छा आहे, नुसता, टेबल नाही, घंटा नाही. तुम्ही तिघी याल का?

आत्याने फोनवर हात ठेवून आईकडे पाहिलं.

“त्याला म्हणावं, थिएटर गप्प कोणी केलं ते आधी पेपरात छाप,” आई म्हणाली. “तेवढं छापलं की येऊ. पहिल्या रांगेत बसू.”

आत्याने तसं सांगितलं, शब्दन् शब्द. अजून त्याने छापलेलं नाही. आई दर रविवारी पुरवणी आधी उघडते, मग पहिलं पान.